मैदानी स्पर्धांची ओळख : नागपूरच्या मैदानावर पहिल्या दिवसापासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

मुलाला किंवा मुलीला पहाटे मैदानावर घेऊन येणारे पालक पहिल्याच दिवशी एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, हिला कोणता इव्हेंट द्यायचा?" मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात असो, रेशीमबागेच्या मैदानावर असो की एखाद्या शाळेच्या मुरमाच्या पटांगणावर, प्रश्न तोच असतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांचा प्रश्न थोडा वेगळा असला, तरी त्यांचीही घाई तीच असते : सोळाशे मीटर किती दिवसांत बसेल? गेली अनेक वर्षे शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत पंच म्हणून काम करताना माझे मत असे झाले आहे, की या प्रश्नांची उत्तरे पहिल्या दिवशी देऊच नयेत. नवख्याने आधी मैदान वाचायला शिकावे, मग धावणे, उडी आणि फेक या तिन्ही गोष्टी काही आठवडे करून पाहाव्यात, त्यांची मोजमापे एका वहीत लिहावीत आणि त्या वहीवरून क्रीडाप्रकार निवडावा. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मैदान वाचायला शिका

पहिल्या दिवशी धावू नका, ट्रॅकवरून एक फेरी चाला. प्रमाणित ट्रॅकची सर्वांत आतली लेन एका फेरीला ४०० मीटर भरते. दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळे मिळून तो आकार तयार होतो. सर्वसाधारण प्रमाणित आखणीत प्रत्येक सरळ बाजू ८४.३९ मीटर असते आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते. प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद असते आणि धावण्याची दिशा अशी असते, की डावा हात नेहमी मैदानाच्या आतल्या बाजूला राहतो.

चालताना वळणापाशी थांबून रेषांकडे पाहा. ४०० मीटरच्या शर्यतीत आठ धावपटू एका ओळीत उभे न राहता पायऱ्यांसारखे एकापुढे एक उभे असतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला बाहेरच्या लेनमधल्यांना सूट दिल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात बाहेरच्या लेनचे वळण मोठे असल्यामुळे तेवढे अंतर आधीच वजा केलेले असते. आतल्या लेनमध्ये उंच कडा असते, म्हणून तिथे धावपटूचा मार्ग कडेपासून ३० सेंटिमीटरवर धरतात. इतर लेनमध्ये तो आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवर धरतात. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या लेनच्या मार्गांच्या त्रिज्यांत १.१२ मीटरचा फरक पडतो. पूर्ण फेरीत दोन अर्धवर्तुळे मिळून एक पूर्ण वर्तुळ होते, म्हणून हा फरक २ π ने गुणला की ७.०४ मीटर येतात. दुसऱ्या लेनचा धावपटू पहिल्यापेक्षा नेमका तेवढाच पुढे उभा असतो. दहावीतल्या मुलांना हे गणित ट्रॅकवर उभे करून समजावले, की भूमिती आणि मैदान या दोन्हींविषयीची त्यांची भीती कमी झालेली मी पाहिली आहे.

शर्यतींचे प्रकारही याच फेरीत ओळखता येतात. १००, २०० आणि ४०० मीटर या वेगाच्या शर्यती शेवटपर्यंत आपापल्या लेनमध्ये धावायच्या असतात. ८०० मीटरमध्ये पहिले वळण लेनमध्ये काढून मग आत येता येते. १५०० मीटरमध्ये पावणेचार फेऱ्या होतात, त्यामुळे तिची सुरुवात शेवटच्या रेषेपासून होत नाही. ५००० मीटरमध्ये साडेबारा आणि १०,००० मीटरमध्ये पंचवीस फेऱ्या होतात. अडथळ्यांच्या शर्यतीत पुरुषांसाठी ११० मीटर आणि महिलांसाठी १०० मीटर अंतर असते, तर ४०० मीटर अडथळा दोघांसाठी असते. तिन्हींत दहा अडथळे असतात. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. ट्रॅकच्या मधल्या आणि कडेच्या भागात चार उड्या होतात : लांब, तिहेरी, उंच आणि बांबूउडी. फेकीही चारच आहेत : गोळा, थाळी, भाला आणि हातोडा. त्यांखेरीज चालण्याच्या शर्यती आहेत, आणि दोन दिवसांत दहा प्रकार करण्याची डेकॅथलॉन व सात प्रकारांची हेप्टॅथलॉनही आहे. नावे पाठ करण्याची गरज नाही. कोणत्या शर्यतीची सुरुवात कुठे होते, उडीची धावपट्टी कुठे आहे आणि फेकीचे क्षेत्र कोणत्या दिशेने उघडते, एवढे पायांना कळले पाहिजे. यातली शेवटची गोष्ट सुरक्षिततेची आहे. फेकीच्या क्षेत्रातून चालत जाऊन ट्रॅक ओलांडण्याची सवय नागपूरच्या मैदानांवर फार दिसते आणि ती धोक्याची आहे.

सिंथेटिक ट्रॅक नसेल तर : २०० मीटरचा ट्रॅक आखणे

बहुतेक मुलांची सुरुवात शाळेच्या मैदानावर होते, आणि तिथे शिक्षकांनी अंदाजाने मारलेल्या फक्कीमुळे वर्षभराच्या वेळा फसव्या निघतात. शंभर मीटर म्हणून मुले ९४ मीटर धावतात, वेळ पाहून आनंदतात आणि जिल्हा स्पर्धेत खचतात. म्हणून हा भाग क्रीडाशिक्षकांसाठी थोडा सविस्तर लिहितो. सुमारे ९० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद मोकळी जागा असेल, तर चार लेनचा २०० मीटरचा ट्रॅक एका सकाळी आखता येतो.

आधी ४० मीटर लांब आणि ३७.८० मीटर रुंद असा आयत घ्या. चार कोपऱ्यांवर खुंट्या ठोका आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही कर्ण ५५.०३ मीटर भरले, तरच कोपरे काटकोनात आहेत असे समजा. एकही कर्ण कमीजास्त भरला तर पुढे जाऊ नका, खुंट्या हलवा. आयताच्या ३७.८० मीटरच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू काढा. हे दोन बिंदू म्हणजे दोन अर्धवर्तुळांची केंद्रे होत. केंद्रावर मजबूत खुंटी ठोकून १८.९० मीटर त्रिज्येने अर्धवर्तुळ काढा. इथे सुती किंवा नायलॉनची दोरी वापरू नका. ती ताणली जाते आणि वळण एका टोकाला फुगते. स्टीलची टेप किंवा न ताणणारी तार घ्या. फक्कीची रेषा ५ सेंटिमीटर रुंद ठेवा आणि ती या त्रिज्येच्या आतल्या बाजूला टाका, म्हणजे रेषेची बाहेरची कडा बरोबर १८.९० मीटरवर येईल.

हिशेब असा आहे. उंच कडा नसल्यामुळे पहिल्या लेनचा मार्गही रेषेपासून २० सेंटिमीटरवर, म्हणजे १९.१० मीटर त्रिज्येवर धरायचा. दोन्ही वळणे मिळून १२० मीटर आणि दोन सरळ बाजू मिळून ८० मीटर, असे २०० मीटर पूर्ण होतात. त्यानंतर बाहेर १.२२ मीटरच्या अंतराने आणखी चार रेषा टाका. उजवीकडची रेषा लेनच्या रुंदीत मोजली जाते, हे लक्षात ठेवा. पूर्ण फेरीच्या शर्यतीसाठी दुसऱ्या लेनची सुरुवात पहिल्यापेक्षा ७.६७ मीटर, तिसऱ्याची १५.३३ मीटर आणि चौथ्याची २३.०० मीटर पुढे घ्या. ही अंतरे वळणावर मोजताना टेप त्या-त्या लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर ठेवून, थोड्या थोड्या अंतरावर खिळे लावून वळवत मोजावी. टेप सरळ ताणून मोजल्यास वळणाऐवजी जीवा मोजली जाते आणि अंतर चुकते. शेवटची रेषा सर्वांसाठी एकच असते.

काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस पडला, की फक्की वाहून जाते. म्हणून चार कोपरे आणि दोन केंद्रे या सहा ठिकाणी जमिनीच्या पातळीखाली लोखंडी खुंट्या कायमच्या गाडून ठेवाव्यात. त्यामुळे पोळ्यानंतर पाऊस उघडला, की तासाभरात ट्रॅक पुन्हा उभा राहतो.

पहिले बारा आठवडे

आठवड्यातून चार दिवस पुरेसे आहेत. रोज धावणारा नवखा मुलगा तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतो, कारण मुरमाची जमीन कठीण असते, बूट झिजलेले असतात आणि हाडे अजून सवयीची झालेली नसतात. चार दिवसांपैकी एक दिवस वेगाचा, एक उड्या व फेकींचा, एक संथ आणि लांब धावण्याचा, आणि एक मोजमापाचा ठेवावा.

प्रत्येक सत्राची सुरुवात दहा मिनिटांच्या हळू धावण्याने करावी. त्यानंतर एका जागी उभे राहून स्नायू ताणत बसण्यापेक्षा हालचालींतून शरीर मोकळे करावे : गुडघे वर उचलत चालणे, टाचा मागे मारत धावणे, पाय पुढे-मागे झुलवणे, बाजूने सरकत जाणे. प्रत्येक हालचाल वीस मीटर, दोन वेळा. वेगाच्या दिवशी मुख्य काम म्हणजे ३० मीटर पूर्ण जोराने सहा वेळा धावणे. प्रत्येक धावेनंतर चालत परत यावे आणि दोन ते तीन मिनिटे थांबावे. ही विश्रांती मुलांना आणि पालकांना आळस वाटते, पण वेग शिकायचा असेल तर शरीर ताजे असले पाहिजे. धापा टाकत धावलेल्या दहाव्या फेरीत मूल हळू धावायलाच शिकते. लांब धावण्याच्या दिवशी पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. वेग एवढाच ठेवावा, की सोबत्याशी बोलता आले पाहिजे. सेमिनरी हिल्सच्या चढावर हे सत्र पंधरवड्यातून एकदा घेतल्यास मांड्यांची ताकद न सांगता वाढते.

मोजमापाच्या दिवशी वहीत पाच नोंदी कराव्यात : ३० मीटरची वेळ, जागेवरून लांब उडी, दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे फेकलेल्या हलक्या गोळ्याचे अंतर, टेनिसच्या चेंडूची फेक आणि ८०० मीटरची वेळ. स्टॉपवॉच वापरताना पिस्तुलाच्या आवाजावर न जाता धुरावर किंवा क्लॅपरच्या पट्ट्या मिटतात त्या क्षणावर बटण दाबावे. शेवटच्या रेषेवर धड पोहोचते तेव्हा थांबवावे. डोके, हात किंवा पाय पाहू नयेत. हातघड्याळाची वेळ वरच्या दशांशाकडे पूर्ण करायची असते, म्हणजे ४.३२ सेकंद आल्यास ४.४ लिहावे. हा नियम मुलांना कठोर वाटतो, पण सुरुवातीपासून पाळला तर पुढे इलेक्ट्रॉनिक वेळ पाहून धक्का बसत नाही.

नागपूरच्या उन्हाविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सिंथेटिक ट्रॅक हवेपेक्षाही अधिक तापतो. होळीपासून मृग लागेपर्यंत सराव सकाळी सातच्या आत संपला पाहिजे. सायंकाळी सूर्य मावळल्यावरही ट्रॅकमधून वाफ निघत असते, त्यामुळे संध्याकाळचे सत्र हलके ठेवावे. सरावाआधी, मध्ये आणि नंतर थोडे थोडे पाणी प्यावे. घरचे लिंबू, मीठ व साखरेचे पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे यांनी काम भागते. मूल अडखळत बोलू लागले, त्याला उलटी झाली, ते भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर 'जरा चक्कर आली असेल' असे म्हणून वेळ घालवू नये. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर थंड पाणी ओतत आणि वारा घालत ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

धावणे : सुरुवात, फेरीचा हिशेब आणि बॅटन

स्टार्टिंग ब्लॉकची, म्हणजे सुटताना पाय टेकवायच्या ठोकळ्यांची, घाई करू नये. पहिला महिना उभ्याने सुरुवात करावी, दुसऱ्या महिन्यात एक हात जमिनीवर टेकवून, आणि मगच ब्लॉक. ब्लॉक लावण्याचे माप स्वतःच्या पावलाने घ्यावे : सुरुवातीच्या रेषेपासून दोन पावले मागे पुढचा ब्लॉक आणि तीन पावले मागे मागचा. हे पहिले माप आहे. पुढे ते प्रत्येकाच्या पायांच्या लांबीप्रमाणे बदलते. 'ऑन युअर मार्क्स' म्हटल्यावर हाताची बोटे रेषेच्या मागे असावीत, रेषेवर नव्हे. 'सेट' म्हटल्यावर कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर जावी आणि शरीर स्थिर राहावे. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला धावपटू बाद होतो, म्हणून आवाजाचा अंदाज बांधण्याची सवय सरावातच मोडली पाहिजे. सुटल्यानंतर लगेच ताठ उभे राहू नये. पहिली आठ-दहा पावले जमीन मागे ढकलत शरीर हळूहळू वर यावे.

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धाव, तसेच दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक असते व एकूण गुण ५० असतात. १६०० मीटरमध्ये जवळजवळ प्रत्येक तरुण एकच चूक करतो. तो पहिली फेरी गर्दीच्या जोशात पळतो आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. त्यावर उपाय हिशेबाचा आहे. सहा मिनिटांत पूर्ण करायचे असेल, तर प्रत्येक ४०० मीटरला ९० सेकंद, म्हणजे प्रत्येक २०० मीटरला ४५ सेकंद पडतात. आठवड्यातून एकदा २०० मीटर बरोबर ४५ सेकंदांत, त्याहून वेगाने नव्हे आणि हळूही नव्हे, असे आठ वेळा मधे एक मिनिट थांबून धावावे. घड्याळ न पाहता ४५ सेकंद पायांना ओळखू येऊ लागले, की वेळ कमी करण्याचा विचार करावा.

चौघांच्या रिले शर्यतीत वेगाइतकेच महत्त्व बॅटनच्या, म्हणजे हातातल्या दांडीच्या, देवाणघेवाणीला आहे. ४ × १०० मीटरमध्ये ती ३० मीटरच्या पट्ट्यात पूर्ण व्हावी लागते, आणि त्यात धावपटूचे शरीर कुठे आहे हे न पाहता बॅटन कुठे आहे ते पाहतात. घेणाऱ्याने आपल्या मागे वीस-बावीस पावलांवर ट्रॅकला एक चिकटपट्टी लावावी. येणारा सोबती त्या पट्टीवर आला, की मागे न बघता पूर्ण जोराने सुटावे. येणाऱ्याने 'घे' म्हटल्यावर हात मागे स्थिर करावा. बॅटन हातात पोहोचण्याआधी घेणारा फार पुढे निघून गेला, तर पट्टी जवळ आणावी. येणारा अंगावर आदळू लागला, तर ती लांब न्यावी. हे एका दिवसात जमत नाही. चौघांनी रोज सरावाच्या शेवटी हळू धावताना बॅटन पुढे देत दोन फेऱ्या माराव्यात. बॅटन पडली तर ती ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची असते, हेही चौघांना माहीत हवे.

उड्या

लांब उडीत नवख्यांचे बहुतेक अंतर पाटीवरच, म्हणजे जिथून उडी घ्यायची त्या फळीवरच, हरवते. एका शालेय स्पर्धेत मी पाटीजवळ पंच होतो. तेरा वर्षांची एक मुलगी सुंदर धावत आली, उंच उडाली आणि तिन्ही प्रयत्नांत फाउल झाली. प्रत्येक वेळी बुटाचे टोक पाटीच्या पुढे चार बोटे. स्पर्धा संपल्यावर तिला विचारले, "धाव कुठून सुरू करतेस?" ती म्हणाली, "आमच्या शाळेत निंबाच्या समोरून." या मैदानावर निंब नव्हता, म्हणून तिने अंदाजाने जागा घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षकांसोबत आम्ही तिला पाटीवर उभे केले, पाठ खड्ड्याकडे करून उलट दिशेने पूर्ण वेगात अकरा पावले धावायला लावले आणि अकरावे पाऊल पडले तिथे तिची चप्पल ठेवली. असे पाच वेळा केले. चपलेच्या जागा हातभर अंतरात आल्या. त्यांच्या मधल्या जागेपासून पाटीपर्यंत तिने टाचेला बोट लावत स्वतःची पावले मोजली : अडुसष्ट. तो आकडा तिने कंपासपेटीच्या झाकणावर लिहून ठेवला.

प्रत्येक नवख्याने धाव अशीच ठरवावी. सुरुवातीला नऊ ते अकरा पावलांची धाव पुरे. लांब धावेतला वेग पाटीवर सांभाळता येत नाही. समोरून वारा असेल तर सुरुवातीची जागा अर्धे-एक पाऊल पुढे घ्यावी, मागून असेल तर मागे. पाटी २० सेंटिमीटर रुंद असते, आणि उडी घेताना पायाचा कोणताही भाग तिच्या खड्ड्याकडील कडेची उभी पातळी ओलांडून गेला तर फाउल होतो. मोजणी वाळूत उमटलेल्या सर्वांत जवळच्या खुणेपासून होते, म्हणून उतरताना मागे हात टेकला तर अंतर हातापासून मोजले जाते. वाळू रोज फावड्याने खोल उकरावी, पाणी मारावे आणि दाताळ्याने सपाट करावी. कोरडी आणि दबलेली वाळू घोट्याला इजा करते.

उंच उडीविषयी एक सक्त सूचना आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी यांनी पाठीवर पडणाऱ्या उडीने सुवर्णपदक जिंकले आणि आज सगळे तीच पद्धत वापरतात. पण ती जाड फोमच्या गादीसाठी आहे. वाळूच्या खड्ड्यावर ती कधीही करू नये, मान आणि पाठ कायमची जायबंदी होऊ शकते. गादी नसेल तिथे कात्री उडीच, म्हणजे कात्रीसारखे एकामागून एक पाय दांडीवरून नेण्याची उडी, करावी आणि दोन्ही पायांवर उतरावे. कात्री उडीत शिकलेली तिरकी धाव व एका पायावरची उसळी पुढे तशीच उपयोगी पडते. तिहेरी उडी सोळा वर्षांच्या आत फार करू नये असे माझे मत आहे. गुडघ्यांवर येणारा भार वाढत्या वयाला झेपत नाही. बांबूउडी प्रशिक्षकाशिवाय करूच नये.

फेकी

गोळाफेक या नावातच एक गैरसमज दडला आहे. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो. क्रिकेटच्या चेंडूसारखा मागून फेकला, की तो नियमात बसत नाही आणि कोपर दुखावते. गोळा तळहातात न धरता बोटांच्या मुळाशी ठेवावा, मानेला टेकवावा, कोपर बाहेर उचललेले ठेवावे आणि जोर पायांपासून कंबरेतून वर येऊन शेवटी हातात पोहोचावा. सुरुवातीचे दोन आठवडे जागेवरूनच ढकलावे; सरकणे किंवा गिरकी नंतर. वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर असतो आणि फेक झाल्यावर मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर यायचे असते. चांगली फेक झाल्याच्या आनंदात पुढून उडी मारून बाद झालेली मुले मी दर स्पर्धेत पाहतो.

वजन वयाप्रमाणे घ्यावे. खुल्या गटात पुरुषांचा गोळा ७.२६ किलो व महिलांचा ४ किलो असतो. १८ वर्षांखालील आंतरराष्ट्रीय गटात मुलांचा ५ किलो आणि मुलींचा ३ किलो असतो. भाला पुरुषांसाठी ८०० ग्रॅम, महिलांसाठी ६०० ग्रॅम, तर १८ वर्षांखालील मुलांसाठी ७०० व मुलींसाठी ५०० ग्रॅम असतो. थाळी खुल्या गटात पुरुषांची २ किलो आणि महिलांची १ किलो असते. शाळेत एकच मोठा गोळा आहे म्हणून बारा वर्षांच्या मुलाला तोच देणे चुकीचे आहे.

टोकियोत ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्रा यांनी ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून मुले भालाच मागतात. त्यांना आधी टेनिसचा चेंडू खांद्याच्या वरून, कोपर पुढे आणत फेकायला शिकवावे. खांदा तयार झाल्यावर भाला द्यावा. फेकीच्या क्षेत्रात कोणी नाही हे पाहून, मोठ्याने हाक देऊनच फेकावे. सगळ्यांच्या फेकी झाल्यावर सर्वांनी एकदम जाऊन साधने आणावीत. साधन कधीही परत फेकू नये आणि भाला उभा धरून चालत आणावा. हातोडा जाळीशिवाय हातात घेऊ नये.

वही पाहून निवड

बारा आठवड्यांनी वहीतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. ३० मीटर आणि जागेवरची उडी दोन्ही चांगल्या असतील, तर वेगाच्या शर्यती, अडथळे किंवा लांब उडी. चेंडूची आणि गोळ्याची फेक पुढे असेल, तर फेकी. ८०० मीटरची वेळ सर्वांत जास्त सुधारली असेल, तर मध्यम व लांब पल्ला. कोणत्या प्रकारात अंतर मोठे आहे यापेक्षा कोणत्या नोंदीत बारा आठवड्यांत सर्वाधिक फरक पडला, याला मी अधिक वजन देतो. ही निवडही कायमची नसते. आपल्या बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे सैन्यात क्रॉस-कंट्री धावत होते आणि नंतर स्टीपलचेसकडे वळले. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. सातारा जिल्ह्यातल्या ललिता बाबर मॅरेथॉन धावत होत्या आणि स्टीपलचेसमध्ये २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. चौदाव्या वर्षी एकाच प्रकाराला बांधून घेण्याची कोणालाही गरज नाही.

पहिली स्पर्धा

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि त्यांची नोंदणी शाळेमार्फत होते. नागपूर शहरातल्या शाळा महानगरपालिका पातळीवरून आणि ग्रामीण शाळा तालुका-जिल्हा पातळीवरून विभागाकडे जातात. नागपूर विभागात वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हेही येतात. अॅथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धांचे वयोगट वेगळे असतात आणि तिथे भारतीय अॅथलेटिक्स महासंघाचा यूआयडी, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, लागतो. खासदार क्रीडा महोत्सवासारख्या शहरातल्या स्पर्धा पहिल्या अनुभवासाठी चांगल्या आहेत. जन्मदाखला, आधार आणि शाळेचे ओळखपत्र यांवरचे नाव व जन्मतारीख एकसारखी आहे का, हे स्पर्धेच्या महिनाभर आधी तपासावे.

आदल्या संध्याकाळी पिशवी भरावी. चेस्ट नंबरसाठी चार सेफ्टी पिना, पाण्याची बाटली, टोपी, मोजमापासाठी चिकटपट्टी, धावेचा आकडा लिहिलेला कागद आणि स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही. उंच उडी व भालाफेकीला १२ मिलिमीटरपर्यंत चालतो. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. जेवण तीन तास आधी आणि नेहमीचेच असावे. मधे केळी, गूळ-शेंगदाणे किंवा फुटाणे पुरतात. जिममधल्या कोणी दिलेली पावडर किंवा गोळी घेऊ नये. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच असते, आणि नकळत घेतली म्हणून ती टळत नाही.

मैदानावर आपल्या प्रकाराच्या सव्वा तास आधी पोहोचा आणि पाऊण तास आधी शरीर तापवायला सुरुवात करा. कॉल रूमची, म्हणजे स्पर्धेआधी खेळाडूंची हजेरी घेतात त्या जागेची, हाक चुकली तर प्रवेश मिळत नाही, म्हणून वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. उड्या आणि फेकींत साधारणतः सर्वांना तीन प्रयत्न मिळतात व पहिल्या आठ जणांना आणखी तीन. म्हणून पहिला प्रयत्न फाउल होणार नाही असा, थोडा राखून घ्यावा. उंच उडीत सलग तीन चुकांनंतर खेळाडू बाद होतो, त्यामुळे सुरुवातीची उंची सरावात सहज पार होणारी निवडावी. निकालाविषयी शंका असल्यास पंचांशी वाद घालू नये; निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत शिक्षकांमार्फत रेफ्रींकडे तोंडी हरकत घेता येते.

शर्यत झाली, की दहा मिनिटे हळू चालावे, पाणी प्यावे आणि निकालपत्रकावरून आपली वेळ किंवा अंतर स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्यावे. सोबत वाऱ्याची दिशा, लेन क्रमांक आणि मैदान मुरमाचे होते की सिंथेटिक, हेही लिहावे, कारण पुढच्या सोमवारी सरावाचा आकडा याच नोंदीवरून ठरवायचा आहे.